मु. पासून जि. पर्यंत

२४ एप्रिल १९६१, सोमवार

जमुनाला आज दुपारच्या मोटारीनं सासरी परत धाडलं. मोटार हलेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नाही तर नको बोलू. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येते, चार दिवस राहावं, दोन घास गोड खाऊन जावं, तर हिनं तिसऱ्या दिवशी विषय काढलाच. म्हणे, दादा, मले तुमच्या मंडळाच्या वर्गात बसू दे.

आमचं मंडळ यंदा खेड्यातल्या बायांसाठी नर्स-दाईचा दोन वर्षांचा वर्ग काढून राहिलं. सातवी पास पाहिजे, वय पंचविसाच्या आत. राहणं-जेवणं मंडळाचं, पुढं सरकारी दवाखान्यात नोकरी. जागा चाळीस. जमुना सातवी पास आहे. श्रावणात तिला पंचवीस पुरी होतील, म्हणजे बसायचं तर यंदाच, नाही तर कधीच नाही. नवरा जाऊन दीड वर्ष झालं. दर्यापूर तालुक्यात बोरखेडीला जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरी राहते. हा जेठ नत्थुजी काळबांडे. गोठा, वावर, चूल, सगळं तिच्या अंगावर आणि वर दोन वेळचं जेवण उपकाराचं. मला दिसत नाही असं नाही.

पण मी त्याच मंडळात बाबू. स्वतःची बहीण बसवली म्हणून लोक तोंडावर बोलतील. नत्थुजीशी वाकडं येईल ते वेगळंच. मी म्हटलं, दिल्या घरी राह्य. आवाज चढला. माझा चढतोच. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून, शेजारच्या मनकर्णाबाईनं खिडकी उघडून सगळं ऐकलं. जमुनानं ताटं घासली, चुलीपाशी गोदाशी कुजबुज केली आणि पिशवी भरली. आता गोदा, म्हणजे माझी बायको, तीही बोलत नाही. घरात आहे की धर्मशाळेत तेच समजत नाही.

ही वही शुद्ध भाषेत लिहायची असं जानेवारीत ठरवलं होतं. रागात शुद्ध येत नाही, त्याला मी काय करू?

९ मे, मंगळवार

तीन हजार चारशे बारा कार्डं. पोत्यात भरून आली. जाहिरातीत साध्या पोस्टकार्डावर अर्ज करा असं लिहिलं, नमुना दिला नाही. नमुना छापा म्हणून मी चिटणीसांना, वामनरावांना, दोनदा सांगितलं होतं. त्यांना वाटलं असतील शंभर-दीडशे बाया.

आता ११ जूनला परीक्षा. त्याआधी प्रत्येकीला बोलावण्याचं पाकीट गेलं पाहिजे, म्हणजे २० मेपर्यंत सगळे पत्ते उतरवून व्हायला हवेत. आणि पत्ता सापडेल तर शपथ. बाई कार्डावर अर्ज नाही लिहीत, सगळं आयुष्य लिहिते. बाप कधी गेला, सातवीला गणितात किती मार्क पडले, सासूला दमा आहे, म्हैस व्याली. कार्डाच्या कडेकडेनं उभं-आडवं खरडलेलं. त्यात कुठंतरी गाव. मी दिवसभर बसून एकशे दहा कार्डं काढली आणि संध्याकाळी देवीदासावर विनाकारण खेकसलो. देवीदास म्हणजे आमचा बी.ए. नापास कारकून. त्याच्या सोबतीला तीन नकलनवीस रोजावर घेतले आहेत.

११ मे, गुरुवार

तोड सापडली. आंघोळ करताना सापडली, ओल्या अंगानं येऊन कागदावर टिपून ठेवली.

बाईनं काहीही लिहो, गाव लिहिताना ती मु. लिहिणार, मग पो., मग ता., शेवटी जि. हा क्रम शाळेत घोकून घेतलेला, तो कोणी मोडत नाही. म्हणजे कार्ड वाचायचंच नाही. नजरेनं फक्त मु. हुडकायचं आणि तिथून जि. पर्यंत उतरवायचं. नाव सहीतून घ्यायचं. बाकीचं बापाचं-म्हशीचं डोळ्याआड. ज्या कार्डात मु. नाहीच ते वेगळ्या पोत्यात टाकायचं.

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. दुपारपर्यंत चौघांनी मिळून चारशे कार्डं उडवली. वामनराव येऊन पाहून गेले. म्हणाले, गावंडे, डोकं आहे तुमचं. बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

१३ मे, शनिवार

घोळ. देवीदासाच्या यादीत एक पत्ता सात ओळींचा. मु. अमुक इथं दिली, मालक वारले, दिरानं घराबाहेर काढलं, आता आत्याकडे, आणि मग दुसऱ्या गावाचा जि. पहिल्या मु. पासून थेट शेवटच्या जि. पर्यंत गड्यानं सगळं ओढून नेलं, मधला संसार धरून. पाकिटावर लिहायचं काय? असे साठ-सत्तर निघाले. ज्या कार्डात दोन गावं, तिथं हीच गत.

मी पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवली. पहिला जि. आला की थांबा. पुढं पाहू नका.

यावर शेषराव उठून उभा राहिला. शेषराव वानखडे रोजावरच्या तिघांतला एक, चाळिशीचा. पलटणीत होता, ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला, त्याच्या गोष्टी तो कोणी न विचारता सांगतो. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. अक्षर छापल्यासारखं, पण अख्खं कार्ड वाचल्याशिवाय टाक उचलत नाही. बाकीचे दीडशे करतात तिथं याचे चाळीस. म्हणतो, बाबू, वरचा पत्ता म्हणजे बाई बसली कोठी तो, पत्र कोठी पायजे ते खाली लिवते. आमच्या वस्तीत पोस्टमन येत नाही, आमी मास्तरच्या नावानं मागवतो. आमच्या बायाच्या कार्डात तर मु. निघणारच नाही.

मी म्हटलं, "तुले वाचाले नाही ठेवलं, हुडकाले ठेवलं." सगळे हसले. तो बसला आणि पुन्हा वाचायला लागला. असा संताप आला.

१६ मे, मंगळवार

शेषरावाला काढून टाकलं.

भर दुपारी, पंखा बंद, घामानं शाई फुटून राहिली, आणि हा एक कार्ड घेऊन माझ्या टेबलापाशी. म्हणे, बाबू, हे तुमी सोता पाहून घ्या. मी विचारलं, नियमात बसते का? म्हणे, बसते, पण तुमी पाहा. मी म्हटलं, बसते ना, मग यादीत टाक. हा तिथंच उभा. म्हणे, सगळ्यांदेखत सांगता येत नाही, जरा बाहीर या. म्हणजे मी साहेब की हा साहेब? सातशे कार्डं बाकी आणि मी याच्यासोबत बाहेर जाऊन गोष्टी ऐकू? मी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानं कार्ड देवीदासाच्या ढिगावर ठेवलं, टोपी घातली आणि गेला. जाताना रामराम नाही, काही नाही.

गोदाला सांगितलं तर ती विचारते, कार्डात काय होतं? मला काय ठाऊक काय होतं.

२० मे, शनिवार

संपलं. तीन हजार सत्त्याण्णव पाकिटं टपालात पडली. मु. नसलेली तीनशे पंधरा कार्डं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. यादी मी मोजून घेतली, दोनदा. वाचायला वेळ कोणाला?

वामनरावांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. रागीट माणसाचं काम चोख असतं, असं म्हणाले. घरी येऊन गोदाला तेच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं इतकंच विचारलं, पाकिटं कधी पोचतील?

२९ मे, सोमवार

गोदाला काय झालंय कळत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की हातातलं काम टाकून दारात. आपलं काही आलं का, आपलं काही आलं का. आज मी ताडकन बोललो, तुला कोण पत्र लिहून राहिलं? तर डोळ्यांत पाणी. बोरखेडीहून काही खबर आली का म्हणून विचारते. काय खबर यायची? अखजीला आली होती तशी पोळ्याला येईल.

५ जून, सोमवार

ऊन असं की मोर्णा नदीच्या पात्रात नुसते दगड. त्यात ऑफिसात बाया यायला लागल्या. बाळापूरकडची एक पोर कडेवर घेऊन चालत आली. तिच्या गावच्या सगळ्यांना पाकीट आलं, तिला नाही. मी म्हटलं, पोस्टात विचार. ती म्हणते, पोस्टात विचारूनच आली. मी म्हटलं, पत्ता नीट लिहायचा होता. ती म्हणाली, लिवला होता, मास्तरच्या नावानं. मी टपाल खात्याला दोन शिव्या हासडल्या आणि तिला वाटेला लावलं. मागून आणखी तिघी होत्या.

७ जून, बुधवार

आजचं लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

साडेअकराला नत्थुजी काळबांडे ऑफिसात आला. धोतर, कोट, हातात फोडलेलं पाकीट. टेबलावर आपटलं. जमुनाबाई काळबांडे, मु. पो. बोरखेडी, ता. दर्यापूर, जि. अमरावती. देवीदासाचं अक्षर. आत आमच्या मंडळाचं बोलावणं.

तो मोठ्यानं बोलून राहिला, सगळं ऑफिस ऐकून राहिलं. आमच्या घरची सून पळवायचा धंदा केव्हापासून सुरू केला, पाव्हणे? मी शपथेवर म्हटलं, मला ठाऊक नाही, मी तिला नाही म्हणून सांगितलं होतं. ते त्याला पटलं. जरा शांत झाला. म्हणाला, पाकीट आलं त्याच दिवशी तिले धाडून देली. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी त्याची सासरवाडी, तिथं त्याची सासू अंथरुणाला खिळली आहे. तिचं करायला घरात बाईमाणूस नाही. आता जमुना तिथंच राहणार, कायमची.

आणि मी म्हटलं, "बरं केलं."

असं म्हटलं. देवीदास पाहून राहिला होता, वामनराव दारात उभे होते, मला अब्रू वाचवायची होती. नत्थुजी चहा पिऊन गेला.

घरी येऊन गोदाला सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, अर्ज करायला मीच सांगतलं तिले. तुमी चार दिवस रागावाल, मग निवाल. पण उत्तर बोरखेडीले मागवू नको, आपला पत्ता लिही, हेही मीच सांगतलं. तिनं आपला पत्ता लिवला होता. मग ते पाकीट तठी कसं गेलं?

मी जेवणावरून उठलो. ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते. ढिगात कार्ड सापडायला तासभर लागला. वर उजव्या कोपऱ्यात, पत्राच्या वर लिहितात तसं, मु. पो. बोरखेडी, ता. दर्यापूर, जि. अमरावती. मग अर्ज. आणि सगळ्यात खाली: "कृपा करून उत्तर वरील गावी पाठवू नये व कोणास कळवू नये, जेठ पत्र फाडतात. माझे मोठे बंधू भगवंत महादेवराव गावंडे, जुने शहर, अकोला, यांचे मार्फत पाठवावे. ते रागीट आहेत, पण माझे पत्र मला देतील."

या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारलेली होती. यादीवर काम करणाऱ्यांत पेन्सिल एकटा शेषराव वापरायचा.

८ जून, गुरुवार

सकाळी वामनरावांकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, अशी किती असतील, शंभर की पाचशे, मला माहीत नाही. परीक्षा महिनाभर पुढं ढकला, मी एकेक कार्ड वाचतो. ते सुपारी कातरत म्हणाले, गावंडे, आपल्याला बाया पाहिजेत चाळीस. चाळीस मिळाल्या म्हणजे झालं. राहिल्या त्या पुढच्या वर्षी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी त्यांचं वय निघून जाईल. ते म्हणाले, मग तुमच्या नियमाला विचारा. मी अंगावर धावून गेलो असतो, पण ते खरं बोलून राहिले होते.

दुपारी शेषरावाच्या वस्तीत गेलो. बारा वर्षं अकोल्यात, नदीकाठच्या त्या भागात कधी पाय ठेवला नव्हता. त्याची बायको केशरबाई दारात धान्य निवडायला बसली होती. आत जाऊन सांगून आली, या म्हणाली नाही. मी उन्हात उभा. शेषराव बऱ्याच वेळानं आला. म्हणाला, "आता आले?"

तिनं कोणास कळवू नये असं लिवलं होतं, बाबू, म्हणून बाहीर या म्हणून राहिलो होतो, असं त्यानं सांगितलं. मला त्याचाच राग आला. अरे, हाताला धरून ओढायचं होतं, तुझी बहीण आहे असं कानात सांगायचं होतं. तसं म्हटलंही. तो म्हणाला, तुमचा हात मी धरला असता तर तुमी काय केलं असतं?

मला त्याची गरज होती. त्यानं तिकडं जंगल खात्याच्या रस्त्यावर दोन वर्षं काम केलं, गावं ठाऊक आहेत. आणि एकट्यानं जायची मला लाज वाटून राहिली होती. चल म्हटलं. तो म्हणाला, येतो, पण तुमच्यासाठी नाही.

१० जून, शनिवार

काल पहाटे निघालो. परतवाड्यापर्यंत मोटार, पुढं लाकडाच्या ट्रकवर. शेषराव वाटभर ब्रह्मदेश सांगत होता, मी ऐकत होतो. दुसरं काय करणार?

जमुना विहिरीवर होती. मला पाहून दोर सोडला नाही. हंडा भरला, खाली ठेवला, मग पदर सावरला. मी म्हटलं, परवा परीक्षा आहे, घ्यायला आलो. ती म्हणाली, कायले आला? तूच तर त्याइच्याकडं पाठवलं. माहं कार्ड वाचलं, तुहं नाव पाह्यलं, आणि मुद्दाम बोरखेडीचा पत्ता टाकला. अखजीले बोलला होता तसंच केलं.

मी म्हटलं, नाही जमुना, देवाशपथ, मी वाचलंच नाही.

ती पाहत राहिली. "वाचलंच नाही?"

मग मला नियम सांगावा लागला. विहिरीच्या काठावर बसून सख्ख्या बहिणीला मु. आणि जि. सांगितलं, पहिला जि. आला की थांबायचं हे सांगितलं. सांगताना माझ्याच कानाला ते कसं लागलं, लिहीत नाही. मी मुद्दाम केलं असतं तर ती भांडली असती, मला वाटतं. आता भांडलीही नाही. म्हणाली, म्हंजे कोणीच वाचलं नाही. मी शेषरावाकडे बोट केलं. यानं वाचलं. मी याला कामावरून काढलं.

तिनं शेषरावाला हात जोडले. मग त्यालाच विचारलं, भाऊ, तुमच्या घरी दोन रोज जागा हाय का?

नत्थुजीची सासू भागीरथाबाई, अंथरुणाला खिळलेली, आतून ओरडली की पोरीले जाऊ द्या, मी मरायचीच हाये, माह्यासंगं तिले नोको मारू. तिच्यामुळं घरातल्या गड्यांना आडवं येता आलं नाही. ट्रकमध्ये मी जमुनाला म्हटलं, गोदा वाट पाहून राहिली, घरी चल. ती म्हणाली, मी शेषरावभाऊच्या घरी उतरीन. माझ्या तोंडात काय आलं होतं ते इथंही लिहीत नाही. लोक काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील, जात कुठं राहील. शेषराव समोर बसला होता, तो काय ते समजला असेल. मी दात आवळून बसलो. आज दुपारी ती मोटारस्टँडवरून त्याच्यासोबत वस्तीकडे गेली. मी जुन्या शहराकडे.

गोदानं विचारलं, जमुना कुठं आहे? सांगितलं. तिनं एका डब्यात पोळ्या, दुसऱ्यात आंब्याचं लोणचं भरलं आणि स्वतः चालत तिकडं गेली. अंधार पडल्यावर आली.

११ जून, रविवार

शाळेच्या पटांगणात नऊशेच्या वर बाया. तीन हजारांना पाकिटं गेली, आल्या नऊशे. बाकीच्यांची पाकिटं कोणाच्या हाती पडली, कोणी फाडली, कोणत्या चुलीत गेली, कोण सांगणार? माळ्यावरच्या तीनशे पंधरांपैकी एकही नाही. ती बाळापूरची दिसते का म्हणून मी रांगेत दोनदा पाहून आलो. दिसली नाही.

फाटकापाशी माझं टेबल. वामनरावांनी सांगितलं होतं, पाकिटावरचा पत्ता रजिस्टरात उतरवा आणि पुढं पाठवा, वेळ घालवू नका. मी पाकिटाकडे पाहिलं नाही. प्रत्येकीला विचारलं, बाई, निकालाचं पत्र कुठं पाठवू? निम्म्याहून अधिक जणींनी पाकिटावरचा पत्ता नको म्हणून सांगितला. मामा, मास्तर, दवाखान्यातली नर्स, किराणा दुकानवाला. मी लिहीत गेलो. रांग सरकेना. वामनराव दोनदा येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले, खाकरले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, साहेब, ऊन लागून राहिलं, सावलीत बसा.

जमुना दहाच्या सुमारास आली. सोबत केशरबाई. पातळ केशरबाईचं होतं, कडक धुतलेलं. मी मान वर केली नाही. नाव विचारलं, तिनं सांगितलं. वय विचारलं, तिनं सांगितलं. मागं बोरखेडीकडच्या दोघी उभ्या होत्या, त्या आमचं नातं जाणून होत्या. त्या कान देऊन होत्या. वामनरावही होते.

मी विचारलं, निकालाचं पत्र कुठं पाठवू?

"मार्फत शेषराव वानखडे, बौद्धवस्ती, नदीकाठ, अकोला," ती म्हणाली. "लिहा."

मागं कुजबुज झाली. वामनराव वाकून पाहायला लागले. मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं.

"वाचून दाखवा," जमुना म्हणाली.

मी रजिस्टर उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. तिनं ऐकून घेतलं आणि आत गेली.